इंग्रजी भूतकाळ आणि क्रियापदापुढचे प्रिपोझिशन : मराठी विद्यार्थ्याला ते का अडते?

इंग्रजीत भूतकाळ लिहिताना आपल्याकडच्या विद्यार्थ्याची खरी अडचण क्रियापदाच्या रूपात नसते. 'गो'चे 'वेंट', 'बाय'चे 'बॉट', 'टीच'चे 'टॉट' ही रूपे सातारा-सांगलीकडची मुले पाठ करतात आणि परीक्षेत ती बहुधा बरोबरही लिहितात. वाक्य बिघडते ते त्या रूपाच्या पुढे येणाऱ्या लहानशा शब्दापाशी, म्हणजे प्रिपोझिशनपाशी. 'वेटेड फॉर' की नुसतेच 'वेटेड', 'डिस्कस्ड' की 'डिस्कस्ड अबाउट', 'रीच्ड' की 'रीच्ड टू', असे प्रश्न दहावीच्या मुलाला पडतात आणि इंग्रजीत रोज पत्रव्यवहार करणाऱ्या बँकेतल्या माणसालाही पडतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, तरीही ही एक जागा कच्चीच राहिली आहे. याला मुलांचे दुर्लक्ष कारण आहे असे मला वाटत नाही. या चुका कुठूनही कशाही होत नाहीत. त्या मराठी भूतकाळाच्या घडणीतून येतात आणि म्हणूनच त्यांचा माग काढता येतो.

मराठी भूतकाळात काय घडते ते आधी पाहू. 'सुरेश आंबा खातो' या वाक्याचा भूतकाळ 'सुरेशने आंबा खाल्ला' असा होतो. क्रियापद तर बदललेच, पण कर्त्यालाही 'ने' लागला. शिवाय क्रियापद आता कर्त्याचे न ऐकता कर्माचे ऐकू लागले, म्हणून आंब्याऐवजी कैरी असेल तर 'खाल्ली' म्हणावे लागते. व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. 'सुरेशने भावाला पाहिले' हा भावे प्रयोग, तर 'सुरेश साताऱ्याला गेला' हा साधा कर्तरी. म्हणजे मराठीत काळ बदलला की नामांचे प्रत्ययही हलू शकतात, आणि लहानपणापासून आपल्या कानाला त्याची सवय झालेली असते. इंग्रजीत तसे काहीच होत नाही. 'सुरेश ईट्स अ मँगो' आणि 'सुरेश एट अ मँगो' या दोन वाक्यांत क्रियापद सोडून एकही अक्षर बदलत नाही. प्रिपोझिशनचेही तसेच आहे. 'लुक्स फॉर', 'लुक्ड फॉर', 'वॉज लुकिंग फॉर', 'हॅड लुक्ड फॉर', 'विल लुक फॉर' या पाचही रूपांत 'फॉर' जागचे हलत नाही, कारण ते काळाशी बांधलेले नसून शोधण्याच्या अर्थाशी बांधलेले आहे. त्यामुळे भूतकाळात अमुक क्रियापदापुढे कोणते प्रिपोझिशन लावायचे, हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडलेला आहे. जे वर्तमानकाळात लागते तेच भूतकाळात लागते. प्रश्नात आणि नकारात भूतकाळ क्रियापदावरून उठून 'डिड'वर जाऊन बसतो, 'डिड ही लुक फॉर द की?' असे वाक्य होते, आणि तेव्हाही 'फॉर' आपल्या जागीच असते.

आता एक उतारा जवळून वाचू. कोरेगावकडचा एखादा मुलगा दहावीनंतर साताऱ्याला कॉलेजची चौकशी करायला आला आणि त्याने त्या दिवसाचे वर्णन लिहिले, तर ते साधारण असे असते: 'आय वेंट टू सातारा बाय बस. आय रीच्ड टू द स्टँड ॲट टेन. माय अंकल वेटेड मी. आय टोल्ड टू हिम माय मार्क्स. ही एक्स्प्लेन्ड मी द ॲडमिशन फॉर्म. वुई डिस्कस्ड अबाउट द कॉलेज.' या सहा वाक्यांतली सगळी क्रियापदे भूतकाळात आहेत आणि एकाचेही रूप चुकलेले नाही. पहिले वाक्य पूर्ण बरोबर आहे. उरलेल्या पाचांत प्रत्येकी एक चूक आहे, आणि ती दर वेळी प्रिपोझिशनचीच आहे.

'रीच्ड टू' हे 'स्टँडला पोहोचलो' यातल्या 'ला'चे भाषांतर आहे. इंग्रजीत 'रीच' या क्रियापदाला ठिकाण थेट जोडतात, म्हणून 'आय रीच्ड द स्टँड'. त्याच अर्थाचे 'अराइव्ह' मात्र प्रिपोझिशन मागते; स्टँड, शाळा, कचेरी अशा नेमक्या जागेसाठी 'अराइव्ड ॲट' आणि शहरासाठी किंवा देशासाठी 'अराइव्ड इन'. 'अराइव्ड टू' कधीच होत नाही. 'वेटेड मी' ही चूक उलट्या दिशेची आहे. मराठीत 'माझी वाट पाहिली' म्हणताना संबंध 'माझी'तल्या प्रत्ययातच येतो आणि त्यासाठी स्वतंत्र शब्द लागत नाही. इंग्रजीत 'फॉर' लागतेच. 'टोल्ड'पुढे माणूस थेट येतो, 'सेड'पुढे यायचा असेल तर 'टू' घेऊन येतो: 'टोल्ड हिम', 'सेड टू हिम'. शाळेत डायरेक्टचे इनडायरेक्ट करताना 'सेड टू'च्या जागी 'टोल्ड' लिहायला शिकवतात, तेव्हा 'टू' का गेले हेही सांगितले तर मुलांच्या कायमचे लक्षात राहील. 'एक्स्प्लेन्ड मी' ही चूक फार खोल रुजलेली आहे, कारण मराठीत 'मला सांगितले' आणि 'मला समजावले' यांत काडीचा फरक नाही. इंग्रजीत समजावण्याची गोष्ट आधी येते आणि माणूस 'टू' घेऊन मागून येतो, म्हणून 'एक्स्प्लेन्ड द फॉर्म टू मी'. 'सजेस्टेड' आणि 'डिस्क्राइब्ड' यांचीही हीच रीत आहे.

शेवटच्या वाक्यातल्या 'डिस्कस्ड अबाउट'पाशी थोडे अधिक थांबायला हवे, कारण तिथे एका चुकीमागे चुकांचा एक मोठा गट उभा आहे. मराठीत पुष्कळ क्रिया आपण एका नामाला 'करणे' जोडून बोलतो: चर्चा केली, हल्ला केला, प्रवेश केला, विनंती केली, मागणी केली, लग्न केले. यातले मुख्य शब्द नामे आहेत, आणि नामाला संबंध दाखवणारा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागणे साहजिक आहे, म्हणून प्रश्नावर चर्चा, किल्ल्यावर हल्ला, पाण्याची मागणी, तिच्याशी लग्न. इंग्रजीत या प्रत्येक अर्थासाठी स्वतंत्र क्रियापद आहे आणि ते आपले कर्म थेट घेते. 'दे डिस्कस्ड द प्रॉब्लेम', 'दे अटॅक्ड द फोर्ट', 'शी एंटर्ड द रूम', 'ही मॅरीड हर', 'द फार्मर्स डिमांडेड वॉटर' या वाक्यांत कुठेही प्रिपोझिशन नाही. पण त्याच शब्दांची नामे केली की प्रिपोझिशन परत येते: 'अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम', 'ॲन अटॅक ऑन द फोर्ट', 'हिज मॅरेज टू हर', 'अ डिमांड फॉर वॉटर', 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. म्हणजे आपला विद्यार्थी 'डिस्कस्ड अबाउट' लिहितो तेव्हा तो मनात 'चर्चा' हे नाम धरून लिहीत असतो आणि नामाच्या दृष्टीने त्याचे 'अबाउट' योग्यच असते; फक्त कागदावर नामाऐवजी क्रियापद उतरलेले असते. 'एम्फसाइज्ड ऑन' (भर दिला), 'काँटॅक्टेड विथ' (संपर्क साधला) आणि 'रिक्वेस्टेड फॉर' (विनंती केली) यांचाही उगम इथेच आहे. म्हणून मुलाला नुसते 'अबाउट खोड' असे सांगण्यापेक्षा क्रियापद आणि नाम शेजारीशेजारी लिहून दाखवणे मला अधिक योग्य वाटते. 'माण-खटावच्या लोकांनी पाण्याची मागणी केली' हे एकच वाक्य एकदा 'डिमांडेड वॉटर' असे आणि एकदा 'मेड अ डिमांड फॉर वॉटर' असे लिहून घेतले की हा भेद डोळ्यांना दिसतो. अपवाद थोडे आहेत. खोलीत शिरताना 'एंटर्ड'पुढे 'इंटू' लागत नाही, पण करारात शिरताना 'एंटर्ड इंटू ॲन ॲग्रीमेंट' असे म्हणतात.

मराठीतला 'ने' हा दुसरा मोठा घोटाळा आहे. भूतकाळात तो कर्त्याला लागतो हे वर पाहिलेच. त्या 'ने'साठी इंग्रजी कर्तरी वाक्यात काहीच लागत नाही. पण हाच 'ने' साधन, कारण, मार्ग, रीत आणि माप हे सगळे दाखवतो, आणि इंग्रजी त्यांच्यासाठी वेगवेगळे शब्द वापरते. बसने गेला, 'वेंट बाय बस'. पेनने लिहिले, 'रोट विथ अ पेन'. शाईने लिहिले, 'रोट इन इंक'. तापाने गेला, 'डाइड ऑफ फीव्हर'. नदीकाठच्या रस्त्याने चालला, 'वॉक्ड अलाँग द रिव्हर रोड'. चेकने पैसे दिले, 'पेड बाय चेक', पण रोखीने दिले, 'पेड इन कॅश'. 'बाय'च्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे: त्याच्यापुढे वाहनाचे नुसते नाव येते. 'माय' किंवा 'हिज' आले की 'बाय' निघून जाते आणि 'वेंट इन हिज कार', 'केम ऑन माय सायकल' अशी वाक्ये होतात.

मापाचा 'ने' सांगलीकरांना समजावणे सर्वांत सोपे आहे, कारण पावसाळ्यात कृष्णेच्या पाण्याचे आकडे तिथे घराघरांत बोलले जातात. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. 'पाणी ४५ फुटांपर्यंत चढले' आणि 'पाणी ५ फुटांनी चढले' या दोन वाक्यांतला फरक तिथल्या लहान मुलालाही कळतो. पहिल्यात पाणी कुठवर पोहोचले ते आहे आणि दुसऱ्यात ते किती वाढले ते आहे. इंग्रजीतही हा भेद तितकाच नेमका आहे: 'द वॉटर रोझ टू फॉर्टी-फाइव्ह फीट' आणि 'द वॉटर रोझ बाय फाइव्ह फीट'. इथे 'बाय'च्या जागी चुकून 'टू' पडले तर ४५ फुटांचा पूर ५ फुटांचा होतो. हळदीचा भाव क्विंटलमागे ५०० रुपयांनी पडला हे सांगतानाही हाच 'बाय' लागतो, 'द प्राइस फेल बाय फाइव्ह हंड्रेड रुपीज'. तिथे 'टू' लिहिले तर क्विंटलभर हळद ५०० रुपयांना विकली गेल्याचा अर्थ होईल.

काळवेळ दाखवणाऱ्या शब्दांपैकी 'इन', 'ऑन', 'ॲट' यांचा नियम बहुतेकांना येतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था 'इन १९१९' स्थापन केली, तारीख सांगायची तर 'ऑन ४ ऑक्टोबर १९१९'. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक केले ते 'इन १८४३'. कोयनेचा भूकंप झाला 'ऑन ११ डिसेंबर १९६७'. घड्याळातल्या वेळेला 'ॲट'. मात्र 'लास्ट', 'नेक्स्ट' हे शब्द आले की प्रिपोझिशन गळते, म्हणून 'गेल्या सोमवारी'चे 'ऑन लास्ट मंडे' होत नाही, नुसते 'लास्ट मंडे' होते.

खरी गफलत होते ती 'पूर्वी', 'पासून' आणि 'पर्यंत' यांच्यात. 'दोन दिवसांपूर्वी भेटला' याचे 'मेट बिफोर टू डेज' असे भाषांतर सर्रास ऐकू येते. आजपासून मागे मोजायचे असेल तर 'अगो' वापरायचे आणि ते, आपल्या 'पूर्वी'सारखेच, कालावधीच्या मागून येते: 'टू डेज अगो'. 'अगो' आले की क्रियापद साध्या भूतकाळातच राहते, 'हॅव' तिथे चालत नाही. 'पासून'चे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. सुरुवातीचा बिंदू सांगायचा असेल तर 'सिन्स', किती काळ ते सांगायचे असेल तर 'फॉर'. म्हणून 'सिन्स २०१५', पण 'फॉर टेन इयर्स', आणि 'सिन्स टेन इयर्स' हे चूक. 'ही लिव्ह्ड इन कराड फॉर टेन इयर्स' असे साध्या भूतकाळात लिहिले, तर वाचणारा सहसा समजतो की तो आता कराडला राहत नाही. 'ही हॅज लिव्ह्ड इन कराड फॉर टेन इयर्स' म्हटले तर तो अजून तिथेच आहे. नोकरीच्या अर्जात हा फरक महत्त्वाचा ठरतो. 'पर्यंत'ची कथा तर अधिक सूक्ष्म आहे. 'तो दहापर्यंत थांबला' आणि 'तो दहापर्यंत पोहोचला' या दोन्ही वाक्यांत मराठी एकच शब्द वापरते. पहिल्या वाक्यात क्रिया दहा वाजेपर्यंत चालू राहिली, म्हणून 'वेटेड अंटिल टेन'. दुसऱ्यात ती दहाच्या आत एकदाच घडून गेली, म्हणून 'अराइव्ड बाय टेन'. चालू राहणारी क्रिया की एकदा घडणारी, एवढे विचारले की शब्द आपोआप निवडला जातो.

भूतकाळासारखी दिसणारी पण भूतकाळ नसलेली रूपेही इथे वेगळी ओळखायला हवीत. 'इंटरेस्टेड', 'टायर्ड', 'मॅरीड', 'नोन' ही रूपे पुष्कळदा विशेषणे असतात, आपल्या 'थकलेला', 'झाकलेला' यांच्यासारखी; वाक्याचा काळ त्यांच्या आधीच्या 'इज' किंवा 'वॉज'वर ठरतो. विशेषण म्हणून त्यांची प्रिपोझिशन्स स्वतंत्रपणे शिकावी लागतात: 'इंटरेस्टेड इन', 'टायर्ड ऑफ'. 'मॅरीड'चे दोन अवतार इथे समोरासमोर येतात. 'ही मॅरीड हर' हे क्रियापद, तर 'ही वॉज मॅरीड टू हर' हे विशेषण, आणि आपल्या 'तिच्याशी'तल्या 'शी'चे भाषांतर असलेले 'विथ' दोन्हीकडे चुकीचे. 'नोन'चा अर्थ तर प्रिपोझिशनच ठरवते: नाना पाटील 'वॉज नोन ॲज क्रांतिसिंह', सातारा 'इज नोन फॉर' कंदी पेढे.

क्रियापदापुढचे प्रिपोझिशन पाहिले. आता प्रिपोझिशनपुढचे क्रियापद पाहू, कारण तिथेही भूतकाळ हट्टाने शिरतो. 'आफ्टर रीच्ड सातारा, आय फोन्ड माय मदर' किंवा 'ही थँक्ड मी फॉर हेल्प्ड हिम' अशी वाक्ये मुले लिहितात. मराठीत डोकावले तर कारण लगेच सापडते. पोहोचल्यावर, जेवल्यानंतर, मदत केल्याबद्दल, उशीर झाल्यामुळे: या प्रत्येक शब्दात भूतकाळाचा 'ल' बसलेला आहे आणि शब्दयोगी अव्यय त्याच्या मागे लागले आहे. आपल्या भाषेत तेच शुद्ध आहे. इंग्रजी प्रिपोझिशन मात्र आपल्यापुढे फक्त नाम किंवा नामासारखे वागणारे 'आयएनजी' रूप स्वीकारते, म्हणून 'आफ्टर रीचिंग सातारा', 'थँक्ड मी फॉर हेल्पिंग हिम'. 'आफ्टर आय रीच्ड सातारा' हेही बरोबर आहे, कारण तिथे 'आफ्टर'च्या पुढे कर्त्यासह पूर्ण वाक्य आले आहे आणि 'आफ्टर'ने उभयान्वयी अव्ययाचे काम केले आहे.

याच नियमातून 'यूज्ड टू'चे कोडेही सुटते. 'ही यूज्ड टू वॉक टू स्कूल' म्हणजे तो पूर्वी शाळेत चालत जायचा. इथले पहिले 'टू' प्रिपोझिशन नसून पुढच्या मूळ क्रियापदाचा भाग आहे. 'ही वॉज यूज्ड टू वॉकिंग' म्हणजे त्याला चालायची सवय होती. इथले 'टू' खरे प्रिपोझिशन आहे, म्हणून पुढे 'आयएनजी'. कोणते 'टू' कोणते हे ठरवायला त्याच्यापुढे एखादे नाम ठेवून पाहावे. 'वॉज यूज्ड टू द हीट' चालते, तसेच 'लुक्ड फॉरवर्ड टू द फेअर' चालते, म्हणून तिथे क्रियापद आले तर 'वॉकिंग', 'गोइंग' असेच येणार. 'वाँटेड टू द फेअर' चालत नाही, म्हणून तिथे 'वाँटेड टू गो', आणि 'वाँटेड टू वेंट' कधीच नाही, कारण भूतकाळ 'वाँटेड'वर एकदा येऊन गेला आहे.

राहता राहिले वाक्याच्या शेवटी एकटे उरणारे प्रिपोझिशन. मराठीत 'वर', 'साठी', 'कडे' हे शब्द नामाला चिकटून असतात, नाम गेले की तेही जातात. 'तू कोणासाठी थांबला होतास?' यातले 'साठी' 'कोणा'पासून तोडता येत नाही. इंग्रजी मात्र 'हू डिड यू वेट फॉर?' असे बिनदिक्कत विचारते, कारण तिच्या दृष्टीने 'फॉर' हे 'वेट'चे सोबती आहे. शेवटी प्रिपोझिशन येऊ नये, हा जुना आक्षेप जॉन ड्रायडन या कवीने १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या लिखाणावर घेतला होता आणि नंतर शालेय व्याकरणांनी तो उचलून धरला. पण इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो कधी फारसा मानला नाही, आणि आपणही मुलांचे असे वाक्य खोडू नये. उलट ते खोडण्याच्या सवयीने प्रयोग बदलण्याच्या प्रश्नात नुकसान होते. 'द बॉइज लाफ्ड ॲट हिम' याचा पॅसिव्ह 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय द बॉइज' असा होतो. 'ॲट' आणि 'बाय' असे दोन शब्द लागून आलेले पाहून मुलांना त्यातला एक चुकीचा वाटतो आणि ती 'ॲट' गाळतात. त्यातले 'ॲट' हे 'लाफ'चे, हसण्याचा रोख कोणावर ते सांगणारे. 'बाय' हे कोण हसले ते सांगणारे. कर्ता अनावश्यक वाटला तर 'बाय द बॉइज' काढून टाकता येते, आणि तेव्हा वाक्य 'ही वॉज लाफ्ड ॲट' इथेच, 'ॲट'वर, पूर्ण होते.